पोट बिघडले आणि गुडघा सुजला

पावसाळा लागला की शहापूर-मुरबाडकडे दोन गोष्टी बरोबरच येतात. एक आवणी आणि दुसरी हगवण.

पहिला मोठा पाऊस पडतो. रानातले, गोठ्यातले, उकिरड्यावरचे सारे पाणी वाहत ओढ्याला मिळते. ओढ्याचे पाणी विहिरीत झिरपते. ते पाणी पोटात गेले की घरोघर कोणाला ना कोणाला ढाळ लागतात. दोन-चार दिवस हाल होतात. मग पोट ठिकाणावर येते आणि माणूस ते विसरूनही जातो.

पण काही माणसांचे दुखणे तेथे संपत नाही.

समजा, वाशिंदजवळच्या एखाद्या पाड्यावरचा एक तरणा गडी आहे. जुलाब होऊन गेले. पोट बरे झाले. आठ-पंधरा दिवस लोटले. आवणी ऐन भरात आली. आणि एके दिवशी सकाळी उठताना त्याचा गुडघा जड वाटला. संध्याकाळपर्यंत तो टम्म फुगला. हात लावला तर गरम लागतो. पाय सरळ होत नाही, वाकत नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या पायाचा घोटाही सुजला. टाच टेकवेना. आता चिखलात उभे राहणार कसे? रोपे तयार झाली आहेत, ती थांबत नाहीत. मजूर लावायचा तर रोख पैसा हवा. आवणी चुकली म्हणजे वर्षाचे भात चुकले.

घरातली म्हातारी म्हणते, "अंगात वात शिरला रं बाबा." शेजारी म्हणतो, "बांधावरून उतरताना पाय मुरगळला असंल." कोणी बिब्बा घालायला सांगतो. कोणी डाग द्यायला सांगतो. कोणी कुठल्याशा गावच्या पुड्या आणून देतो. सगळे काही ना काही सांगतात. पण एक प्रश्न कोणीच विचारत नाही.

"मागच्या महिन्यात तुझं पोट बिघडलं होतं का रे?"

खरा धागा त्या प्रश्नात आहे.

पोट कुठे, गुडघा कुठे?

हे ऐकून कोणीही हसेल. पोटाचा रोग पोटात असावा. तो गुडघ्यात कसा जाईल? आतड्यातून गुडघ्याला जाणारी काही नळी नाही. मग हे होते तरी कसे?

आधी हगवणीचे पाहू. हगवण पुष्कळ प्रकारची असते. काही प्रकार विशिष्ट जंतूंमुळे होतात. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांतल्या एकाचा शोध जपानच्या कियोशी शिगा या डॉक्टरांनी १८९७ साली लावला. त्यांच्या नावावरून त्या जंतूला शिगेला म्हणतात. रक्ती आव होते ती पुष्कळदा याच्यामुळे. दुसरा जंतू साल्मोनेला. तो शिळ्या अन्नातून, नीट न शिजलेल्या अंड्या-मांसातून येतो. तिसरा कॅम्पिलोबॅक्टर. तो कोंबड्या-गुरांच्या पोटात असतो आणि त्यांच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो. मागून सांधे धरतात ते बहुतेक अशा जंतूंच्या हगवणीनंतर.

आता आपल्या शरीराकडे पाहा. शरीरात रक्षण करणाऱ्या पेशी असतात. त्या म्हणजे शेतातला राखण्याच समजा. भात दाण्यावर आले की राखण्या माळ्यावर बसतो. पाखरांचा थवा उतरला की गोफण फिरवतो. पाखरे उडून जातात. त्याचे काम चोख झाले. पण थोडी पिसे मागे राहतात. वाऱ्याने ती उडून खळ्यावर, गोठ्यावर जाऊन पडतात. हा आपला राखण्या जरा जास्तच तापट. पीस हलले की त्याला पाखरू दिसते. मग तो खळ्यावर धोंडे मारीत सुटतो. पाखरू तेथे एकही नाही. फुटतात ती घरचीच मडकी.

असेच शरीरात होते. आतड्यातले जंतू मरतात, बाहेर जातात. पण त्यांचे बारीक तुकडे रक्तातून सांध्यापर्यंत पोचतात. सुजलेल्या सांध्यातील पाणी काढून तपासले तर त्यात वाढणारा जंतू सापडत नाही. जंतूंचे तुकडे मात्र काही रोग्यांच्या सांध्यांत शास्त्रज्ञांना सापडले आहेत. रक्षक पेशी तेथे गोळा होतात आणि लढाई सुरू करतात. त्या लढाईचीच ही सूज, हीच आग, हेच दुखणे.

डॉक्टर याला 'रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस' म्हणतात. नाव अवघड आहे. आपण तिला 'मागून येणारी सांधेसूज' म्हणू. जुलाब पुढे, सूज मागे. मध्ये बहुधा एक ते चार आठवडे जातात. एवढे अंतर पडते म्हणूनच माणसाला दोन्हींचा संबंध लागत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जुलाब झालेल्या प्रत्येकाला असे होत नाही. एकाच विहिरीचे पाणी सारा पाडा पितो, वीस जणांना जुलाब होतात, आणि सांधे धरतात ते एखाद्याचे. कित्येकदा कोणाचेच नाहीत. याचे एक कारण जन्मापासून अंगात असते. आपल्या पेशींवर काही खुणा असतात. त्या आईबापांकडून येतात. त्यांतल्या एका खुणेचे नाव एचएलए-बी२७. पाठीचा मणका आखडण्याच्या रोगाशी या खुणेचे नाते आहे, हे १९७३ साली कळले. त्यानंतर हगवणीमागून येणाऱ्या सांधेसुजेशीही तिचे नाते असल्याचे दिसले. जिच्या-ज्याच्या अंगात ही खूण आहे त्याला सांधे धरण्याचा धोका जास्त आणि दुखणे लांबण्याचाही जास्त. पण ही खूण असलेली बहुतेक माणसे जन्मभर ठणठणीत राहतात. तेव्हा नुसत्या खुणेला भिण्याचे कारण नाही. आणि हा कोणाचा दोष नाही, शाप नाही, करणी तर नाहीच नाही.

लढाईतील शिपाई आणि कॅनडातील विहीर

या रोगाची ओळख रणांगणावर पटली. १९१६ साली पहिले महायुद्ध चालू होते. शिपाई खंदकांत राहत. घाण पाणी, माश्या, चिखल. हगवणीने सैन्ये बेजार झाली. तेव्हा फ्रान्सच्या बाजूला फिसेंजे व लरॉय या डॉक्टरांना आणि जर्मनीच्या बाजूला हान्स रायटर या डॉक्टरला एकाच वर्षी सारखीच गोष्ट दिसली. हगवणीतून उठलेल्या शिपायाचे सांधे सुजले, डोळे लाल झाले आणि लघवीला आग होऊ लागली. एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या दोन सैन्यांत रोग मात्र एकच!

पुष्कळ वर्षे या रोगाला रायटरचे नाव होते. पुढे तो मनुष्य हिटलरच्या पक्षात गेला. कैद्यांवरच्या अमानुष प्रयोगांशी त्याचा संबंध होता हे उघड झाले. म्हणून डॉक्टर मंडळींनी ते नाव टाकून दिले. चांगले केले.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, फिनलंडमध्ये हगवणीची फार मोठी साथ आली. सुमारे दीड लाख लोक आजारी पडले. तेथल्या पारोनेन नावाच्या डॉक्टरांनी त्यांतले सांधे, डोळे व लघवी या तिन्हींचे दुखणे झालेले ३४४ रोगी नोंदले. दीड लाखांत ३४४ म्हणजे थोडे. पण नुसते सांधेच सुजले असे रोगी यात धरलेले नाहीत.

आता अलीकडची गोष्ट. कॅनडा हा श्रीमंत देश. तेथे वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. तेथे नळाचे पाणी आहे. २००० सालच्या मे महिन्यात तेथे जोराचा पाऊस झाला. गावाला पाणी देणारी एक विहीर उथळ होती आणि तिच्याजवळच गुरांचे शेत होते. शेणखताचे पाणी विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसे घातले नव्हते. ज्यांनी ते मोजायचे त्यांनी वहीत खोटे आकडे लिहिले होते. दोन हजारांवर माणसे आजारी पडली. सात दगावली. पुढे काही वर्षे डॉक्टरांनी त्या गावकऱ्यांची पाहणी केली. ज्यांना जुलाब जोराचे झाले होते, त्यांच्यात सांध्यांचे दुखणे इतरांपेक्षा जास्त आढळले.

उथळ विहीर, शेजारी गोठा, वरून पाऊस. आपल्याकडचे कितीतरी पाडे डोळ्यांपुढे येतात की नाही?

आपल्या तालुक्याची तर तऱ्हाच न्यारी. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणे या भागातली. तानसाचे धरण १८९२ साली झाले. तेव्हापासून येथले पाणी मुंबईची तहान भागवते. मुंबईला ते गाळून, क्लोरीन घालून जाते. आणि धरणाच्या अंगाखांद्यावरचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, पावसाळ्यात डवऱ्याचे गढूळ पाणी भरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण शहापूरकरांना समजावून सांगावी लागत नाही.

हीच ती सूज, हे ओळखावे कसे?

सांधे दुखण्याची कारणे शंभर आहेत. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉ. अरविंद चोपडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ सालापासून घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारले. गुडघा, पाठ, कंबर दुखणारे पुष्कळ निघाले. पण त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे श्रमाचे, झिजेचे होते. सुजेचे सांधेरोग थोड्यांनाच होते. म्हणजे दुखणारा प्रत्येक गुडघा या रोगाचा नव्हे.

मागून येणाऱ्या सुजेची चाल थोडी वेगळी असते. ती बहुधा वीस ते चाळीस वयाच्या माणसाला धरते. बाई असो की पुरुष. एकच किंवा तीन-चार सांधे सुजतात, आणि तेही कमरेखालचे जास्त. गुडघा, घोटा, पाऊल. उजवा सुजला म्हणून डावा सुजेलच असे नाही. टाचेच्या मागची शीर दुखते. पायाचे एखादे बोट मुळापासून शेंड्यापर्यंत सारखे सुजते. सकाळी उठल्यावर सांधे फार आखडतात, हिंडल्या-फिरल्यावर जरा मोकळे होतात. झिजेच्या दुखण्याचे याच्या उलट आहे. ते काम करताना वाढते आणि बसल्यावर थांबते.

सांध्याबरोबर डोळा लाल होतो. लघवीला आग होते. तोंड येते. या तिन्ही गोष्टी सर्वांना होत नाहीत. पण डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डोळ्याच्या आतली सूज नजर घालवू शकते.

येथे एक गोष्ट लाजेकाजेची आहे, पण लिहिली पाहिजे. हीच सांधेसूज हगवणीशिवायही येते. शरीरसंबंधातून होणाऱ्या काही गुप्तरोगांमागूनही ती येते. म्हणून डॉक्टर तसा प्रश्न विचारतील. रागावू नका, लपवू नका. त्या रोगाचे औषध नवरा-बायको दोघांनीही घ्यावे लागते.

२००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. त्यातही सांधे धरतात. पण तो डासांचा रोग. त्यात ताप आणि सांधेदुखी बरोबरच येतात, आणि दोन्ही हातापायांचे बारीक सांधे दुखतात. लहान मुलाला घसा दुखून गेल्यावर सांधे धरले, आज गुडघा, उद्या कोपर, तर तो वेगळाच रोग असू शकतो. त्याने हृदयाच्या झडपा बिघडतात. अशा मुलाला ताबडतोब दाखवावे.

आणि सगळ्यांत घातकी गोष्ट ही: एकच सांधा, लालभडक, हात लावू देत नाही, अंगात थंडी वाजून ताप. अशा सांध्यात जिवंत जंतू शिरून पू झालेला असू शकतो. तेथे एक रात्रही थांबू नये. सांधा काही दिवसांत कायमचा नासतो, जीवही जाऊ शकतो. मागून येणारी सूज आणि हा पू, दोन्ही बाहेरून सारखी दिसतात. सुईने सांध्यातील पाणी काढून तपासल्यावरच भेद कळतो. "सांध्यात सुई घालू नका, पाय अधू होईल," असे लोक म्हणतात. ते खरे नाही. जाणत्या डॉक्टरच्या हातची ती सुई पाय वाचवते.

औषधपाणी

चांगली बातमी आधी सांगतो. बहुतेकांची ही सूज तीन ते सहा महिन्यांत उतरते. काहींना वर्ष लागते. थोड्यांचे दुखणे मात्र रेंगाळते किंवा फिरून फिरून येते. त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे जावेच लागते.

पहिले काही दिवस सांध्याला विश्रांती द्यावी. सांधा तापलेला असताना गार पाण्याचे फडके ठेवावे. जोराने चोळू नये, ओढू नये. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, त्यांत पू होतो. डाग दिल्याने जखम होते. आतली सूज दोन्हींनी उतरत नाही. पण महिनाभर अंथरुणावर पडूनही राहू नये. मांडीचे मांस झडते आणि मग सूज उतरली तरी पाय भार घेत नाही. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली घडी केलेले फडके ठेवावे, गुडघ्याने ते खाली दाबावे, दहा अंक मोजावे, सोडावे. दिवसातून तीन-चार वेळा हे केले तरी पुष्कळ झाले.

सूज उतरवायला डॉक्टर गोळ्या देतात. दुकानात ब्रुफेन, डायक्लोफेनॅक या नावांनी त्या मिळतात. दुकानात मिळतात म्हणून आपल्या मनाने खाऊ नयेत. उपाशी पोटी घेतल्या तर पोटात व्रण होतो. जुलाबाने अंगातले पाणी आटले असताना घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होते. पोटुशी बाई, दमेकरी, मूत्रपिंडाचा रोगी यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये.

"मग जंतूंचे औषध घेऊन टाकू का? मुळावरच घाव!" असे कोणी म्हणेल. विचार सरळ आहे, पण येथे लागू पडत नाही. पाखरे उडून गेली आहेत. आता गोफण मारून काय उपयोग? हगवणीमागून सूज आल्यावर जंतुनाशक गोळ्यांनी ती लवकर उतरत नाही, असे दिसून आले आहे. गुप्तरोगामागून आलेल्या सुजेत मात्र त्या रोगाचे औषध घ्यावेच लागते.

पुड्यांविषयी थोडे लिहितो. नाव नसलेली, चिठ्ठी नसलेली पुडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी माणूस धावू लागला, तर शंका घ्यावी. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड कुटून घातलेले असते. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. डॉक्टरही ते देतात, कधी सांध्यातच टोचतात. पण मोजून देतात, केव्हा थांबवायचे ते ठरवून देतात. पुडीतले माप कोणाला ठाऊक? चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे पोकळ होतात. आणि महिनोन् महिने घेऊन एकदम सोडले तर माणूस कोसळतो.

आतड्याचेच दुखणे असेल तर

आतापर्यंत आपण चार दिवसांच्या हगवणीचे बोललो. पण काही माणसांचे जुलाब महिनोन् महिने चालतात. रक्त पडते, शेंब पडते, पोटात कळ येते, वजन उतरते. रात्री झोपेतून उठावे लागते. हे जंतूंचे साधे दुखणे नव्हे. आतड्याला आतून कायमची सूज आलेली असते. अशा रोगाचे दोन मोठे प्रकार आहेत. मोठ्या आतड्यात व्रण पडतात तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. आतड्यात कोठेही, खोलवर सूज येते तो क्रोन्स. येथेही राखण्याच बिघडलेला असतो. तो आपल्याच आतड्यावर धोंडे मारतो, आणि काही रोग्यांत सांध्यांवरही.

अशा माणसाचे पोट बिघडले की गुडघा-घोटा सुजतो आणि पोट सुधारले की तोही उतरतो. काहींची मात्र पाठ धरते, आणि ती पोटाचे ऐकत नाही. पोट शांत असले तरी पाठ दुखतच राहते. तरणा माणूस पहाटे दुखण्याने जागा होतो, उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर वाकत नाही, कामाला लागल्यावर बरे वाटते. तीन महिन्यांवर असे चालले असेल तर ते ओझे उचलून झालेले दुखणे समजू नये. कधी कधी तर सांधे आधी सुजतात आणि आतड्याचा रोग मागून कळतो. अशा रोग्याने सुजेच्या साध्या गोळ्या खाल्ल्या तर आतडे आणखी चिडू शकते. म्हणून सांधे दाखवायला गेलात तरी पोटाचे सांगा, आणि पोट दाखवायला गेलात तरी सांध्यांचे सांगा.

आपल्या देशात येथे आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन रोग जुळ्या भावांसारखे दिसतात. दोन्हींत पोट दुखते, ताप येतो, माणूस वाळतो. औषधे मात्र उलटी. क्षयाला जंतू मारणारे औषध लागते, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. क्रोन्सला राखण्याला आवरणारे औषध लागते. क्षयाच्या रोग्याला ते दिले तर क्षय भडकतो. म्हणून दुर्बिणीने आतडे आतून पाहतात, बारीक तुकडा काढून तपासतात. या तपासणीला कंटाळू नये. आणि विडी ओढणाऱ्याने ती सोडावी. क्रोन्सचा रोग तिने वाढतो.

या औषधांतल्या एकाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. स्वीडन देशात नाना स्वार्ट्झ नावाच्या बाई डॉक्टर होत्या. सांधेरोगामागे जंतू असावेत असे त्यांना वाटे. म्हणून सूज उतरवणारे एक औषध आणि जंतू मारणारे दुसरे औषध यांची त्यांनी १९४० च्या सुमारास सांगड घातली. औषध केले सांध्यांसाठी, आणि गुण दिसला आतड्यालाही! व्रणाच्या रोग्यांचे जुलाब थांबू लागले. त्या औषधाचे नाव सल्फासालाझिन. आजही ते दोन्हींसाठी वापरतात. रेंगाळलेल्या सांधेसुजेतही देतात. मध्ये मध्ये रक्त तपासून द्यावे लागते.

पोट आणि सांधे यांचे नाते आपल्या जुन्या वैद्यांच्याही लक्षात आले होते. माधवनिदान या हजार वर्षांपेक्षा जुन्या ग्रंथात 'आमवात' असा रोग सांगितला आहे. न पचलेल्या अन्नाचा आम सांध्यांत जाऊन बसतो, असे त्यांचे म्हणणे. आजचे शास्त्र कारण निराळे देते. जंतू त्यांना दिसले नव्हते. पण त्यांनी सांधे धरलेल्या माणसाला पोटाविषयी विचारले, हे काही लहान नाही.

जुलाब लागले तर

सांध्यांची सूज टाळायची म्हणजे हगवण टाळायची. दुसरा उपाय नाही. फडक्याने गाळल्याने पाण्यातली माती जाते, जंतू जात नाहीत. पाण्याला भरपूर उकळ्या येऊ द्याव्या. सरपण नसेल तर आशाताईंकडून क्लोरीनचे औषध आणून, बाटलीवर लिहिले असेल तितके थेंब घालावे आणि अर्धा तास थांबावे. हंड्यात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्यावे. शौचाहून आल्यावर आणि भाकरी थापण्यापूर्वी साबणाने हात धुवावे. सार्वजनिक विहिरीत टीसीएल पावडर टाकणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे. पावसाळ्यात ती पडते की नाही, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. पावडरचे पोते ओले राहिले, उघडे राहिले तर तिचा जोर जातो, हेही विचारा.

जुलाब लागलेच तर आधी पाणी. ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित बनगाव येथे आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या अशाच पाण्यावर हजारो जीव वाचवले. भाताची पेजही चालते. लेकराचे दूध तोडू नये. शौचातून रक्त पडत असेल, ताप असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नये. जंतू आतच कोंडले जातात. त्याला डॉक्टरांचेच औषध लागते.

सांधे सुजले तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तेथून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवतील. दुखणे हटेना तर वाशिंदहून मुंबईची लोकल आहेच. परळचे केईएम, भायखळ्याचे जे. जे. अशा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत पुढची तपासणी होते. तेथे गर्दी फार. डॉक्टरांपाशी वेळ थोडा. आपली पाळी येईपर्यंत निम्मे सांगायचे राहून जाते. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. घरूनच एक चिठ्ठी लिहून न्या. ती अशी असावी:

"वय ३२. आषाढी एकादशीनंतर तीन दिवसांनी जुलाब लागले. पाच दिवस होते. रक्त पडले. ताप होता. मीठ-साखरेचे पाणी घेतले. दुकानातून चार गोळ्या आणल्या, पाकीट सोबत आणले आहे. जुलाब थांबल्यावर सोळा दिवसांनी उजवा गुडघा सुजला. नंतर डावा घोटा. सकाळी जास्त आखडतो. डोळा दोन दिवस लाल होता. लघवीला आग नाही. पूर्वी असे कधी झाले नव्हते. घरात आणखी दोघांना जुलाब झाले. त्यांचे सांधे ठीक आहेत. पाणी पाड्याच्या विहिरीचे."